ते हव म्हनले, मी काढून टाकलं

तुमी गाने आयकाले आल्या बाई, गाने हायेत, चाळीसेक असतील, आयकवते मी तुमाले, कम्प्युटर आता बटन दाबलं का चालू होते. पन पहिले माहं आयकून घ्या. कोनाले सांगतलं नाही असं नाही, पोरीले सांगतलं, बहिनीले सांगतलं, पन त्या म्हनतात जाऊ दे, झालं ते झालं. जाऊ दे कसं म्हनू, काय सांगू तुमाले, माह्याच तोंडानं झालं ते.

माहं माहेर लाखांदूरकडचं. बाप धानवाला, तिकडं दुसरं काय असनार, तळ्याच्या खाली धानाच्या चार बांध्या आन वर दोन, पानी आलं त साऱ्याईचंच आलं, नाही आलं त साऱ्याईचंच गेलं. मी सातवीपर्यंत शिकली. आठवीले लाखांदूरले जा लागे, यष्टीनं, त बापानं म्हनलं पोरगी यष्टीत बसली का हातची गेली, आन मले घरी बसवलं. तवा बसली ते बसलीच. मराठी वाचता येते, सही येते, इंग्रजीचे अक्षरं ओळखू येतात पन ते जोडून काय होते ते समजत नाही.

लगन होऊन इकडं मोहाडीकडं आली. मालकाचं नाव मी घेत नाही, दारावर लिहून हाये, पाहून घ्या. पोरगी झाली मंग सुनीताचे बाबा म्हनाले लागली, तेच नाव झालं. ते गावच्या हायस्कुलात चपराशी होते, घंटा देनं, पानी भरनं, सायबाची फाइल पोचवनं, आन सकाळी-सांजी बांधीत. घरी सासू होती, कडक बाई. वाईट नाही म्हनत मी, पन तिचा येक कायदा होता, मालकाले पुसल्याबिगर घरातली कवडी हालवाची नाही. पहिल्याच वर्साची गोष्ट, दारावर भांडेवाला आला, मी त्याले दोन पायल्या लाखोरी डाळ देऊन देल्ली आन जर्मनचं गंज घेतलं, चांगलं जाड. ते गंज सासूनं चुलीवर चढूच देल्लं नाही, कोनाड्यात उलटं ठेवलं, येनाऱ्या-जानाऱ्याले देखवे, हे पाहा, मालकाले पुसल्याबिगर घेतलेलं. वर्सभर उलटं होतं ते. तवापासून मी पुसाले शिकली, ते इतकं शिकली का मिठाचा पुडा आनाचा असला तरी पुसो.

आन पुसावं त त्याईचा पहिला शब्द नाही. सुनीताचे बाबा, सपरीवर टिन टाकाचे का. नाही. बकरी घ्याची का. नाही. पोरीले नागपूरले शिकाले धाडाचं का. बिलकुल नाही. आन पंधरा दिवसानं आपनच बंडीत टिन घालून आनत, आपनच पोरीची पेटी उचलून यष्टीवर चढवत. मी म्हनो, काय जी, नाही म्हनलं होतं ना. त म्हनत, तवा नाही होतं, आता हव हाये. आमच्याकडं हो म्हनाच्या जागी हव म्हनतात, तुमाले मालूमच असन. त्याईचं नाही म्हनजे इचार करून राहिलो, आन हव म्हनजे झालं, ठरलं, आता मागं फिरनं नाही. पस्तीस वर्सं मी त्या हववर चालली बाई.

गान्याईचा नाद सासू मेल्यावर लागला. रोवन्याले, म्हनजे धान लावाले, बाया लागल्या का गाने म्हनत, आता कायचे, आता कमरेले मोबाइल लावून राहतात. पन तवा येकीनं उचललं का बाकीच्या धरत, वाकून वाकून, पाय चिखलात, आन गानं बांधीच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाये. माही सासू उचलनारी होती. ती मेली त हे तेरवीच्या दिवशी म्हनाले, मायचे गाने तिच्यासंग गेले ना. बस तेवढंच म्हनाले. पुढच्या रोवन्याले टेप घेऊन आले, टेप बिघडला मंग मोबाइल. सुट्टी असली का सायकल काढत आन ज्याच्या बांधीत बाया असतील तिथं जात, धुऱ्यावर छत्री घेऊन बसत. बाया त त्याईले बगळा म्हनत. बगळा आला वं, बगळा आला, काय जी, मानूस होऊन बायाईच्या रोवन्यात कायले बसता, उतरा ना चिखलात, रोपाच्या पेंढ्या तरी फेका. आन उतरत बाई, पँट वर करून पेंढ्या फेकत, आन मोबाइल पन्नीत गुंडाळून धुऱ्यावर चालू, सकाळी चालू केला त जेवनाच्या सुट्टीपर्यंत चालूच.

मंग कम्प्युटर घेतला, पोरगी अकरावीत होती तवा. नाव पोरीचं, काम याईचं. शाळेतल्या कम्प्युटरच्या गुरुजीनं त्याईले शिकवलं. त्या लांबलचक रेकाडिंगातून गानं तेवढं कापून काढाचं, येका येका गान्याले आठ आठ दिवस लागत. बाकी त्यात काय नसे, पाऊस, बेडकं, कोनाच्या सासूची चुगली, पोराले पाजाले धुऱ्यावर गेलेली बाई. ते सारं जुनं म्हनून येगळं ठेवत. कापलेले गाने पुढं, पडद्यावरच, दोनदा दाबलं का लागत. येकदा मी पुसलं, सुरवातीले तुमी बोलता ते काहून कापता जी. ते सुरवातीले बोलत, आज या गावात हावो, बांधी अमक्याची, बाया इतक्या, गानं उचलनारी अमकी. त म्हनाले, लोकाईनं बाईचं गानं आयकाचं का माहा फाटका आवाज आयकाचा. मी हासली. खरंच फाटका होता, घंटेवर ओरडून ओरडून झालेला.

मंडईचा दिवस होता, अडीच वर्सं झाले. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई भरते, घरोघरी पाहुने राहतात, आमच्याही घरी होते. हे पाहुन्याईच्या पंगतीत जेवाले बसले आन हातातला घास खाली पडला. उचलाले गेले त हात उचले नाही. कोनीतरी हासलंही, वाटलं गंमत करून राहिले. भंडाऱ्याले नेलं, तिथून नागपूरले. लकवा. जीव वाचला, उजवं आंग गेलं, आता काठीनं चालतात. पन बोलनं गेलं. सारं गेलं, येक शब्द राहिला. हव.

डाक्टरनं मले बसवून समजावून सांगतलं, का बाई, याईले थोडं समजते, थोडं नाही समजत, पन हा शब्द तोंडातून आपोआप निंगते, याले हो समजू नका. घरी आल्यावर मी पाहून घेतलं. म्हनलं, सुनीताचे बाबा, भूक लागली का. हव. पोट भरलं का. हव. मी बंदरीन हावो का. हव. दोघंही हासलो, हासता हासता ते रडाले लागले, मंग मीही रडली. म्हनजे मले मालूम होतं बाई. कोनी फसवलं नाही मले, हे बरोबर लिहून घ्या.

घरी आल्यावर त्याईनं पहिला कम्प्युटर गाठला. डाव्या हातानं बटन, डाव्या हातानं माउस, महिना गेला त्या हाताले शिकाले. सकाळी अंघोळ झाली का तिथं बसत, कानात ते वायर घालत, आन दोन-दोन तास. तोंड हालत राहे. मले वाटे गाने म्हनून राहिले मनातल्या मनात. माह्या कामाचा टाइम तो, बकऱ्या, सयपाक, धुनं, मी कायले जवळ जाऊन आयकते. बरं वाटे का मानूस गुतून हाये.

मंग कम्प्युटर मंदावला. मी बटन दाबून भात चढवो, भात उतरे, तरी ते गोल गोल फिरूनच राहे. लागलं कवा त अर्ध्यात अटके, पुढं जायेच नाही, मंग येकदम उडी मारे. हे टेबलावर हात मारत, हव हव हव ओरडत. जन्मात पोरीवर हात उचलला नाही त्या मानसानं, आन येक दिवस तो माउस भितीवर फेकून मारला. मंग कितीतरी वेळ रडले. त्या दिवशी मी ठरवलं का याचं काही तरी कराचं.

आता काय कराचं यावर घरात पंचायत. घरात म्हनजे मी आन फोनवर सुनीता. ती नागपूरले राहते, तिच्या सासरी. ती म्हने आई, बारा वर्सं झाले त्या डब्ब्याले, फेकून दे, नवा घेऊन देते. मोहाडीचा दुरुस्तीचा दुकानवाला भाऊ घरी आला, वयानं माह्या भाच्यायेवढा, चांगला मानूस, त्याचं नाव सांगून काय कराचं. त्यानं डब्बा उघडला त आतून पालीचे अंडे निंगाले. म्हने काकू, तुमी त इथं कुटुंब पोसलं. धूळ काढली, पुसलं, तरी तसंच. मंग म्हने तीन रस्ते हायेत. येक, नवा घ्या. दोन, आतली जुनी डिस्क काढून नवी टाका, लवकर चालन, पन सारं पुन्हा बसवा लागन, जागा इकडंतिकडं होतील. तीन, गच्च भरलं हाये, कामाचं नाही ते काढून टाका, थोडं हलकं होईन. वाटलं त आजच करून देतो.

मी त्याले वापस पाठवलं आन आठ दिवस इचार केला, खोटं नाही सांगत. नवा घेतला त त्याईचा डावा हात कुठं दाबन. त्याईले वाचता येत नाही आता, अक्षरं ओळखू येत नाहीत, फक्त जागा मालूम हाये का हे इथं हाये आन ते तिथं. जागा बदलली त पुन्हा पहिल्यापासून, आन शिकवनार कोन, मी अडानी. सुनीता म्हने मी येऊन शिकवते. म्हनलं किती दिवस रायशीन बाई, दोन. म्हनून मी ठरवलं का त्याईचं त्याईलेच राहू द्याचं, जागा नाही हालवाच्या, फालतू तेवढं काढून हलकं कराचं. यात काय चूक होती, तुमीच सांगा.

तो भाऊ पुन्हा आला, इथंच बसला, जिथं तुमी बसल्या. मले म्हने काकू, हे पाहा, सारी जागा या येकट्यानं खाल्ली, ओल्ड लिहून हाये, म्हनजे जुने. त्यानं मधातून येक लावून देखवलं, त नुसतं पानी वाहून राहिलं आन कोनीतरी खोकून राहिलं. दुसरं लावलं, त बाया हासून राहिल्या. म्हने गाने त पुढं येगळे हायेतच, हा कच्चा माल दिसते. पन काकाले इचारा, येकदा गेलं त वापस नाही येनार. नाही त चार दिवस थांबा, मी येक येगळी डिस्क मागवतो, त्यात हे सारं भरून तुमच्या आलमारीत ठेवून देऊ.

चार दिवस, बाई. आमी धानाचं बी कवा येका घरी ठेवत नाही, थोडं आपल्या घरी, थोडं भावाच्या घरी, इथं पानी शिरलं त तिथलं राहते. जन्मभर ठेवलं. आन ते मले त्या दिवशी सुचलं नाही. मले वाटलं पानी आन खोकनं कोन आलमारीत ठेवते.

हे बाहेर सपरीत बसून होते, उनात. मी जवळ गेली, पदर घेतला, जशी साऱ्या जन्मात पुसत आली तशीच उभी राहिली. म्हनलं, सुनीताचे बाबा, जुने काढून टाकाचे का, गाने राहतात, ते जुने जुने तेवढे. त्याईनं माह्याकडं पाहिलं. हव म्हनले. मी आनखी येकदा पुसलं. हव.

डाक्टरचं बोलनं मनात आलं का म्हनाल, त आलं. पन दोन वर्सांपासून सारं मीच ठरवून राहिली होती, धान कोनाच्या हातानं कापाचं, औषध कवा बदलवाचं, पोरीच्या घरी काय धाडाचं, आन ठरवल्यावर रोज वाटे चुकलं असन. थकली होती मी. कोनीतरी हव म्हनावं, आन ते मी नसावं, असं झालं होतं. म्हनून मी तो हव धरला. आत जाऊन दुकानवाल्याले म्हनलं, काढा भाऊ, ते हव म्हनले.

कम्प्युटर असा चालाले लागला का काय सांगू. चूल पेटवाच्या आत चालू. मले इतकी खुशी झाली, मी त्याईले हात धरून आनलं, बसवलं, म्हनलं पाहा आता. त्याईनं डाव्या हातानं नेहमीच्या जागी दाबलं. तिथं काहीच नाही. आनखी दाबलं. मीच मंग येक गानं लावलं, चट लागलं, कुठं अटकलं नाही. त्याईनं ते बंद केलं. माह्या हाताले धरून पडद्याकडं ओढलं आन म्हनाले आ, आ, आ. हव नाही म्हनले. दोन वर्सांत पहिल्यांदा मी त्याईच्या तोंडून हव सोडून काही आयकलं आन मले समजलंच नाही. मी म्हनलं काय जी, गाने त लागून राहिले ना.

चार दिवसानं सुनीता आली. बापाजवळ बसली, कम्प्युटर पाहिला, म्हने आई, जुने कुठं गेले. सांगतलं, काढले, बाबाले पुसून काढले. ती म्हने आई, त्यात बाबाचा आवाज होता ना. मागच्या खेपेले मी पाहिलं, बाबा गानं आयकतच नाहीत, सुरवातीचं बोलनं आयकतात, तेवढंच पुन्हा पुन्हा लावतात आन त्याच्या मागं मागं म्हनाले पाहतात. आज या गावात हावो. आज हा शब्द म्हनाले पाहत होते, आई. त्यातल्या आ-पर्यंत आले होते. मले वाटलं तुले मालूम हाये, तू त घरीच राहतं.

घरीच राहते खरं. त्याच घरात, दहा पावलावर, चुलीजवळ.

मानूस आपल्याच तोंडापासून बोलनं शिकून राहिला होता बाई, आन मी म्हनो गाने आयकते. दुकानवाल्यानं खूप केलं, डब्बा नेला, तीन दिवस बसला. काही नावं वापस आले, पन लावलं त आवाज नाही. त्याचे डोळे भरले होते, मीच त्याले म्हनलं, तुमी त दोनदा सांगतलं होतं भाऊ, तुमची काही चूक नाही.

दुसरीकडं कुठं असन आवाज म्हनून आमी सारं शोधलं, क्यासेटी त टेपसंगच खराब झाल्या होत्या. मोबाइलात साऱ्या गावाचे व्हिडीओ हायेत, पन काढनारे हेच, त हे कुठंच नाहीत, आन काढताना तोंडातून शब्द नाही काढाचे, ती सवय रोवन्यातली. पोरीच्या लग्नाच्या व्हिडीओत हायेत, पाहुन्याईपुढं हात जोडून बोलून राहिले, जेवा म्हनत असतील, पोटभर जेवा म्हनत असतील, पन वरून त्या व्हिडीओवाल्यानं शिनेमाचं गानं टाकलं. नुसतं तोंड हालते. चाळीस गाने मी येक येक करून शेवटपर्यंत आयकले. येका गान्याच्या बुडाले कापाचं थोडं राहून गेलं हाये, बाया थांबतात आन हे म्हनतात, पानी द्या वं कोनी. तेवढंच हाये. मी ते त्याईले लावून देल्लं. आयकलं त्याईनं. तीनदा लावलं, तीनदा आयकलं, पन तोंड नाही हालवलं. मंग डाव्या हातानं वायर काढून टेबलावर ठेवला आन उठून गेले. तवापासून बसत नाहीत तिथं.

सुनीतानं नागपूरहून येक बाई आनली हाये, बोलनं शिकवनारी, फोटो देखवते, आंबा म्हना, पानी म्हना. हे तिले हव म्हनतात. ती येते तोपर्यंत येऊ द्या म्हनते मी, कोनाले माहीत.

मी अजूनही पुसते. भाजी कोनती करू, खाट आत घेऊ का, बकरी कोनाले दाखवू. पुसल्याबिगर मले घास जात नाही, आन नाही पुसलं त ते वाट पाहत राहतात. हव म्हनतात, मंग मी मले वाटते ते करते.

येक दिवस मी त्याईच्या पायाशी बसली. म्हनलं, सुनीताचे बाबा, राग हाये का माह्यावर. हव. मी डोळे पुसले, म्हनलं, माफ केलं का मले. हव. आता तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा, यातलं कोनतं खरं धरू. दुकानवाल्यापुढं त्याईचा हव खरा धरून बसली, त आता येक धरून येक कसा सोडू. मी दोन्ही खरे धरले. राग हाये, आन माफ केलं हाये. सकाळी अंघोळीआधी मी सदऱ्याची बटनं सोडाले गेली का ते आपनच मान वर करतात, त्यावर दिवस काढून राहिली हावो बाई.